अर्धी फुई आणि अभिमनची झूम लेन्स

माझा धाकटा भाऊ अभिमन अमळनेरला फोटोग्राफर होता. बसस्टँडकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा 'मंजुळा फोटो स्टुडिओ' होता. मंजुळा हे आमच्या आईचं नाव. दुकान इतकं चिंचोळं, की गिऱ्हाईक अंगाने जरा भरलेलं असलं तर आधी अभिमनने बाहेर यायचं, मग गिऱ्हाइकाने आत जायचं आणि मग अभिमनने कॅमेरा डोक्यावर धरून पुन्हा आत शिरायचं, असा तिथला रिवाजच होता. तरी धंदा बरा चालायचा, कारण लोकांना अभिमन आवडायचा.

मी त्याची अक्का. प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातल्या पोरांना एखादी गोष्ट दोनदा सांगितली की कळते, अभिमनला चारदा सांगावी लागायची. माणूस फार चांगला, पण ठरवणं म्हणून त्याला कधी जमलं नाही. शर्टाचं कापड घ्यायला निघाला की सगळा बाजार पालथा घालायचा, शेवटी पहिल्याच दुकानात परत यायचा, आणि तोवर ते कापड दुसऱ्याने नेलेलं असायचं. त्याचं लग्नसुद्धा आम्ही ठरवलं म्हणून झालं, नाहीतर अजून मुलीच बघत बसला असता.

त्याच्याकडे तीन लेन्स होत्या. एक जवळचं आणि रुंद दिसणारी, एक रोजच्या कामाची आणि एक लांबचं ओढून आणणारी. लग्नात काय लागेल याचा नेम नाही, म्हणून तिन्ही खांद्यावरच्या पिशवीत घेऊन हिंडायचा. लांबच्या फोटोसाठी एक लेन्स काढायची, दुसरी बसवायची, आणि हात दोनच, म्हणून झाकण तोंडात धरायचं. तोंडात झाकण घेऊन तो नवरा-नवरीला 'हसा' म्हणायचा, तेव्हा ती दोघं खरंच हसायची. पण लेन्स बसेपर्यंत त्यांचं हसून झालेलं असायचं.

म्हणून त्याच्या डोक्यात एकच लेन्स घ्यायचं खूळ शिरलं. एकच, पण तिच्यावरचं कडं फिरवलं की जवळचंही दिसावं आणि लांबचंही यावं. झूम म्हणायचे तिला. लोकांना तो सांगायचा की धंद्यासाठी पाहिजे. मला मात्र खरं कारण माहीत होतं. त्याला फुईचा एक पुरा फोटो काढायचा होता.

फुई म्हणजे आमची आत्या, द्रौपदाबाई. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि अभिमन तर अजून शाळेतही जात नव्हता. फुईही तेव्हा आमच्या गावातच राहायची, एकटी होती. ती आपलं बोचकं घेऊन आमच्या घरी आली आणि आम्ही मोठे होईपर्यंत राहिली. दिवसा कापूस वेचायला जायची, संध्याकाळी आम्हाला भाकरी करून घालायची आणि माझा अभ्यास घ्यायची. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण पुस्तक उघडं आहे की नाही हे तिला लांबून कळायचं. अभिमनला फोटोग्राफी शिकायची होती तेव्हा वडील तयार नव्हते. फुईने त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला आणि अभिमन शिकायला गेला.

पहिला कॅमेरा घेतला तेव्हा त्याने सगळ्या घराचा एक फोटो काढायचं ठरवलं. फुईने ठेवणीतलं लुगडं काढलं, बाजारातून नव्या चपला आणल्या. आमची खोली लहान, माणसं भरपूर, आणि तेव्हा त्याच्याकडे ती एकच रोजच्या कामाची लेन्स. मागे सरकत सरकत अभिमनची पाठ भिंतीला लागली, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी खांद्याला टेकल्या, तरी आम्ही सगळे मावेना. सगळे आलेत असं म्हणून त्याने खटका दाबला. फोटो धुऊन आला तेव्हा फुई कडेला अर्धीच होती. एक कान, अर्धं नाक, अर्धं लुगडं. चपला तर कोणाच्याच आल्या नव्हत्या. फुईने तो फोटो बराच वेळ पाहिला.

"यानामा मी अर्धी शे," ती म्हणाली. "बाकीनी अर्धी कोठे गयी?"

आम्ही सगळे हसलो. अभिमन हसला नाही, आणि मग मलाही हसल्याचं वाईट वाटलं. त्यानंतर फुईने कॅमेऱ्याशी कट्टी केली. अभिमनने कॅमेरा उचलला की ही उठायची. तो बरोबर लेन्स शोधून बसवेपर्यंत फुई चुलीपाशी नाहीतर गोठ्यात. पुढे आम्ही अमळनेरला आलो आणि ती गावातच आपल्या घरी राहायला गेली, तिथेही तेच. किती वर्षं हा पाठशिवणीचा खेळ चालला! बदलायलाच लागणार नाही अशी लेन्स मिळाली तर फुई उठायच्या आत फोटो होईल, असा अभिमनचा हिशेब होता.

तर अभिमन लेन्स निवडायला लागला. निवडायला लागला म्हणजे काय, हे आता वाचणाऱ्याला समजलं असेल. दीपनगरच्या वीज केंद्रात त्याचा एक मित्र होता, त्याला फोटोंचा नाद. तो म्हणाला, सगळं करणारी लेन्स घेऊ नकोस, तीनच बऱ्या. जळगावच्या एका फोटोग्राफरने सांगितलं की तीन बाळगणं हा वेडेपणा आहे, एकच घे. अभिमनला दोघांचंही पटलं. इंग्रजी मासिकं आणून तो माझ्याकडून त्यातले शब्द लावून घ्यायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मास्तरीण म्हणून मीही अर्थ ठोकून द्यायचे. त्याचं नुकसान झालं असेल तर त्याला तोच जबाबदार, विचारायला यायलाच नको होतं.

शेवटी एका रविवारी मीच त्याला एसटीत बसवून धुळ्याला नेलं. तिथे रुपचंदशेठचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं. शेठ मोठा शांत माणूस. कोणाचा तरी नातेवाईक आखातातून आला होता, त्याच्याकडून शेठकडे हवी तशी झूम आली होती. अठ्ठावीस मिलिमीटरपासून दोनशेपर्यंत, रुंद ते लांब, सगळं एका नळीत. अभिमनने ती हातात घेतली आणि तिच्या वजनाने त्याचा हात खाली गेला. किंमत मी विचारली नाही. विचारली असती तर भांडण झालं असतं आणि एसटीत शेजारी बसून परत यायचं होतं.

शेठने तिचे गुण सांगितले तसे अवगुणही सांगितले. जड आहे. उजेड कमी असला की कुरकुरते. आणि मुख्य म्हणजे हिला जवळचं माणूस चालत नाही. पाच हातांच्या आत कोणी आलं की धूसर दिसतं, मागेच सरकावं लागतं. अभिमनने ते सगळं ऐकलं, तरी कडं फिरवायचं काही थांबवलं नाही. फिरवलं की समोरच्या चौकातलं घड्याळ जवळ यायचं, उलट फिरवलं की सगळा रस्ता दिसायचा. मग घ्यायची का, असं शेठने विचारल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

शेठने दुकानात असली गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली असावीत. त्याने लेन्स कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाला, की एक लग्न कर हिच्यावर, रोल धुऊन येऊ दे, फोटो बघ आणि मग काय ते ठरव. पटली नाही तर परत आण. मला तो माणूस फार आवडला.

लग्न आमच्या गावातच होतं, चुलतभाऊ भिकनच्या मुलीचं. गाव बोरी नदीच्या काठी, अमळनेरहून एसटीने जवळच. लग्न बौद्ध पद्धतीचं, त्यामुळे मांडवात जिकडे तिकडे पांढरे कपडे. मी बायकांत बसले होते. पुढच्या रांगेत फुईला मानाने लोखंडी खुर्ची दिली होती. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि पायात नव्या चपला. त्या पहिल्या फोटोनंतर ती प्रत्येक लग्नाला नव्या चपला घालायची आणि फोटो कधी काढू द्यायची नाही. आता याला काय म्हणावं?

अभिमन स्टेजवर चढला आणि त्याने ती झूम बाहेर काढली, तशी मांडवातली कुजबूज थांबली. एवढी मोठी नळी गावात कोणी पाहिली नव्हती. नेमकी तेव्हा नवरदेवाची मंडळी मांडवाच्या तोंडाशी आली. तिथे हारतुरे सुरू झाले. अभिमनने स्टेजवरूनच कॅमेरा डोळ्याला लावला, कडं पार शेवटापर्यंत फिरवलं आणि मांडवाच्या तोंडावर रोखला.

आता मधे बसलेल्यांना हे कसं समजणार? आजवर अभिमन ज्याचा फोटो काढायचा त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा, हनुवटी वर कर, खाली कर असं सांगायचा. त्यामुळे कॅमेऱ्याचं तोंड आपल्याकडे म्हणजे फोटो आपला, एवढंच लोकांना माहीत. ती नळी आमच्या डोक्यांवरून रोखलेली, आणि आमच्यातल्या प्रत्येकीला वाटलं की ती आपल्यावरच आहे. बेबाबाईने गळ्यातली पोत पदरावर काढली. सुंदरबाईने मांडीवरच्या नातवाचं नाक पुसलं. कौतिकभाऊ चहा वाटत होते, ते किटली हातात घेऊन जागच्या जागी ताठ उभे राहिले आणि श्वास रोखून धरला. मलाही आपले केस नीट आहेत का असं वाटून गेलं, हे मी कबूल करते.

मग माझं लक्ष फुईकडे गेलं. मला वाटलं, आता ही उठणार. ती उठली नाही. तिने त्या नळीकडे पाहिलं, पदर सारखा केला, पाठ सरळ केली, दोन्ही पाय जुळवून थोडे पुढे घेतले, चपला दिसाव्यात म्हणून. आणि हसली. सगळ्या गावासमोर अभिमन आपला एकटीचा फोटो काढतोय म्हणून फुई हसली. माझे डोळे भरून आले. खटका वाजला, आणि मला वाटलं, झालं बाबा एकदाचं.

रोल धुवायला धुळ्याला गेला. तो परत यायच्या आधीच आमच्या गावची माणसं स्टुडिओत यायला लागली. बेबाबाई आली, सुंदरबाई नातवाला घेऊन आली, कौतिकभाऊ तर दोनदा आले. सगळ्यांना आपापला फोटो हवा. अभिमन गोंधळला. तुमचा फोटो मी काढलाच नाही, असं त्याने सांगितलं तर कोणी मानेना. आम्ही डोळ्यांनी पाहिलं, असं ती सगळी म्हणायची. सुंदरबाई तर निघताना असंही म्हणाली, की अभिमनला आता मोठेपणा चढला, गरिबांचे फोटो काढतो आणि देत नाही. ते त्याला झोंबलं. लोकांना आवडणं ही त्याची एकच मिळकत होती आणि ती या एका लेन्सने घालवली, असं तो मला म्हणाला. मी विचारलं, फुईचा तरी काढलास ना?

"फुईचा कोणता?" त्याने विचारलं. मग मी त्याला फुई मांडवात कशी हसली होती ते सांगितलं.

रोल आला त्याच दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर मी घरी पोचते तर ओट्यावर फुई बसलेली. फोटो घ्यायला आली होती. गावात तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की अभिमनने माझा एकटीचा फोटो काढलाय आणि मी तो भिंतीवर लावणार आहे. मी पाणी दिलं, चहा घे म्हटलं, थोडी झोप म्हटलं. ती म्हणाली, आधी फोटो. वाटभर मी शाळेतल्या गोष्टी सांगत राहिले, कशाचं काय सांगत होते ते मलाच कळत नव्हतं.

दुकानात गल्ल्यावर फोटोंचा गठ्ठा होता आणि त्याच्या बाजूला ती झूम, पुन्हा शेठच्याच कागदात गुंडाळलेली. अभिमनने फुईला जयभीम घातला, स्टूल दिलं. फुईने हात पुढे केला. तो काहीतरी थाप मारेल, रोल खराब झाला म्हणेल, असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगते, त्याने मारावी असंही वाटलं होतं.

"फुई, तू त्या फोटूमा नही शे," तो म्हणाला.

त्याने तो फोटो तिच्या हातात दिला. मांडवाचं तोंड, नवरदेव, हार, व्याह्याच्या मिशीचा केस न् केस. फोटो सुरेख होता. फुईने तो उलटा करून मागूनही पाहिला. मग म्हणाली, ती नळी दाखव. अभिमनने कागद सोडला, लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि कॅमेरा तिच्या डोळ्याला धरला. रस्त्यापलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. लेन्स लांबवर होती तेव्हा फुईला तो रसवाला हाताच्या अंतरावर दिसला, ती दचकून मागे झाली. मग अभिमनने हळूहळू कडं उलट फिरवलं. रसवाला लांब गेला, रस्ता दिसायला लागला, सायकली, टांगा, दुकानाची पायरी, पायरीवर उभी असलेली मी.

"मंग मी कोठे व्हती?" फुईने विचारलं.

अभिमनने सांगितलं की नळी पार लांबवर होती म्हणून मधली माणसं सुटली. आता जसं फिरवलं तसं तेव्हा फिरवलं असतं तर पुढची सगळी रांग आली असती, तूही आली असतीस. फुईने कॅमेरा डोळ्यावरून काढला.

"मंग तू फिरावं काब्र नही?"

फिरवलं का नाहीस, एवढाच तिचा प्रश्न. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. त्याने वर्षभर लेन्स निवडली होती, सगळे मावतील अशी लेन्स शोधली होती, ज्या एका माणसासाठी शोधली ते माणूस समोर हसत बसलं होतं, आणि हा लांबचं बघत होता. त्याचा चेहरा लाल झाला. तो लेन्स काढायला लागला. म्हणाला, उद्याच धुळ्याला परत करतो, माझ्या जुन्या तीनच बऱ्या, थांब, साध्या लेन्सने तुझा आत्ता फोटो काढतो. फुईने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"यानीच माले फसाडं," ती म्हणाली. "आते यानाघाईच काढ."

आता आली पंचाईत. याच झूमने काढायचा म्हटलं, तर त्या दुकानात पाच हात मिळणार कुठून? फुईला आत बसवलं तर अभिमनची पाठ भिंतीला लागायची आणि फुई धूसर दिसायची. पुन्हा तोच खोलीतला फोटो. अभिमनने कपाळाला हात लावला. फुईनेच तोड काढली. तिने स्टूल उचलायला लावलं आणि दुकानाच्या पायरीखाली, पाटीच्या बरोबर खाली ठेवायला लावलं. स्वतः बसली. आणि अभिमनला सांगितलं, की लग्नात जेवढ्या लांबून धरली होतीस तेवढ्याच लांबून धर.

अभिमन रस्ता ओलांडून रसाच्या गुऱ्हाळापाशी जाऊन उभा राहिला. शनिवारची संध्याकाळ, बाजारची गर्दी. त्याने नळी उचलली आणि मधली सगळी माणसं थबकली. सायकलवाल्याने एक पाय खाली टेकला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई भाऱ्याखालून हसायला लागली. टांगेवाल्याने टांगा थांबवून टोपी सरळ केली. सगळ्यांना वाटलं, फोटो आपलाच. फुईने पदर सारखा केला, पाठ सरळ केली, दोन्ही पाय जुळवून पुढे घेतले, आणि मग जन्मभर वावरात हाका मारून कमावलेल्या आवाजात ओरडली.

"बाजूले व्हा रे बठ्ठा. मना फोटू काढी राह्यना तो."

बठ्ठा म्हणजे सगळे, आणि सगळा रस्ता बाजूला झाला. टांगासुद्धा. अमळनेरच्या त्या रस्त्यावर तेव्हा फक्त एका टोकाला अभिमन होता आणि दुसऱ्या टोकाला फुई. रसवाल्याने चरकाचं चाक थांबवलं होतं. अभिमनला हस म्हणावंच लागलं नाही. फुई आधीच हसत होती. खटका माझ्यापर्यंत ऐकू आला नाही, अभिमनने हात वर केला तेव्हा समजलं की झालं. मग त्याने तिथूनच कडं उलट फिरवलं आणि बाजूला झालेल्या सगळ्यांचा, टांग्यासकट, दुसरा फोटो काढला.

झूम परत गेली नाही. अभिमनने आयुष्यात एवढं एकच झटकन ठरवलं असेल. रविवारी तो एकटाच धुळ्याला जाऊन रुपचंदशेठला तसं सांगून आला. पण त्या दिवसापासून त्याची एक रीत पडली. मांडवात शिरला की आधी स्टेजवर चढायचा, कडं पार उलट फिरवायचा, 'आता सगळ्यांचा' असं मोठ्याने सांगायचा आणि पुढच्या रांगेपासून चहावाल्यापर्यंत सगळ्या मांडवाचा एक फोटो काढायचा. मग नवरा-नवरी. बेबाबाई, सुंदरबाई आणि कौतिकभाऊंना तर त्याने गावी जाऊन एकेकीचा, एकेकाचा फोटो काढून दिला, कौतिकभाऊंचा किटलीसकट.

फुईचा फोटो काचेत बसवून आम्ही दोघं गावी घेऊन गेलो. ती दारातच बसली होती. तिने काच पदराने पुसली आणि फोटोवर बोट ठेवून वरून खाली बघायला लागली. हा एक कान, हा दुसरा. पुरं नाक. पदर, दोन्ही हात, लुगड्याचा काठ, आणि खाली स्टुलाच्या पायांशी जुळवून ठेवलेल्या दोन्ही चपला. चपलांवर तिचं बोट थांबलं. अभिमन शाळेत निकाल ऐकायला उभा राहायचा तसा उभा होता.

"आते मी बठ्ठी शे," फुई म्हणाली, आणि तिने फोटो आधी त्याच्या हातात दिला, भिंतीवर लावायला.